नागपूर, व्हाया पुसद

इंदूबाईंची बस चुकली ती भांडणामुळं. पुसदची गाडी उमरखेडच्या स्टँडावर लागली, पाच मिनिटं उभी राहिली, भरली आणि निघून गेली. तेवढा वेळ इंदूबाई तिच्याकडं पाठ करून, एका कानात बोट घालून, दुसऱ्या कानाला लावलेल्या फोनवर भाच्याला सुनावत होत्या.

"संघदीप, काल तू काय म्हणला होता? आत्या, सकाळी नवाले गाडी दाराशी. म्हणला होता का नाई?"

"म्हणलो होतो आत्या. पन सासरचे लोकं वणीवून येऊन राह्यले ना. त्यायलेच घ्यायले आलतो. आता गाडीत जागाच नाई."

"म्हंजे तुह्या सासूले जागा हाय, आत्याले नाई."

"तसं नाई वो. तुम्ही बसनं या ना. नाईतर असं करा, उन्हातानात कायले तरास घेता? घर काय पळून चाललं का? नंतर या एखांद्या दिवशी."

हे 'नंतर एखांद्या दिवशी' इंदूबाईंना झोंबलं. पस्तीस वर्षं त्यांनी उपकेंद्राची नर्स म्हणून काढली होती. लुनावर लसींचा डबा बांधून त्या अशा गावांना जाऊन आल्या होत्या, जिथं रस्ता पोचायला पुढं वीस वर्षं लागली. दवाखान्यात जायचं टाळणारी माणसं त्यांना हेच सांगायची, नंतर एखांद्या दिवशी. आणि आज धाकट्या भावाच्या, गोविंदाच्या, पुसदच्या नव्या घरात गृहप्रवेश होता, भंतेजी येणार होते, आणि भावाचा पोरगाच त्यांना पेशंटसारखं टाळत होता.

फोन बंद करून त्या वळल्या तेव्हा स्टँडावर बसच्या जागी नुसती धूळ होती. पुढची गाडी दीड तासानं. पांढरी साडी, निळा काठ, हातातल्या पिशवीत भिंतीवरचं घड्याळ आणि तिळाच्या लाडवांचा डबा. इंदूबाई फाटकाबाहेर आल्या. चहाच्या टपरीशेजारी एक पिवळीधम्मक ऑटो उभी होती. समोर काचेवर मोठ्या आकड्यात ४७ लिहिलेलं. बाजूच्या खिडक्यांतून माणसांची डोकी दिसत होती. एक टोपीवाला, एक चष्म्यातली बाई, एक पेपर वाचणारा.

नगरपरिषदेनं नवी काही सेवा सुरू केली असणार, असं इंदूबाईंना वाटलं. भरलेली दिसत होती, पण नर्सच्या नोकरीत त्या याहून भरलेल्या गाड्यांत शिरल्या होत्या.

"सरका जरा, सरका," म्हणत त्या आत घुसल्या आणि बसल्यावर बघतात तर सीटवर कोणीच नाही. एक निळी सॅक, पाण्याच्या बाटल्या, दोरीनं बांधलेला स्टेपनीचा टायर. टोपीवाला, चष्मेवाली आणि पेपरवाला बाहेरच्या पत्र्यावर रंगवलेले होते.

"पुसद," इंदूबाई ड्रायव्हरच्या पाठीला म्हणाल्या. "बारा वाजायच्या आत."

ड्रायव्हर मागं वळला. वळला कुठला, वळली. साठीच्या पुढची गोरी बाई, पांढरे आखूड केस, उन्हानं सोललेलं लाल नाक, अंगात पुरुषी खादीचा झब्बा, हातात अर्धा कप चहा. तिनं इंदूबाईंकडं बघितलं आणि इंदूबाईंनी तिच्याकडं.

दुसरं कोणी असतं तर उतरलं असतं. इंदूबाईंनीही एक पाय बाहेर काढला होता. पण तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांपुढं पुसदचं ते नवं घर आलं, दारात संघदीपची सासू आली, आणि अशा पिवळ्या गाडीतून, गोऱ्या बाईच्या मागं बसून आपण उतरतोय हे आलं. बाहेर काढलेला पाय त्यांनी हळूच आत घेतला.

"पुसद?" बाईनं खिशातून घडी केलेला कागद काढून बघितला. "नो पुसद. नागपूर."

"यस यस, नागपूर," इंदूबाई म्हणाल्या. "फर्स्ट पुसद. देन नागपूर."

बाईनं हँडलवरच्या फोनवर नकाशा दाखवला. महागाववरून यवतमाळ, तिथून वर्धा, मग नागपूर. नवा, रुंद, सरळ रस्ता. इंदूबाईंना तो चांगलाच माहीत होता. त्यांनी नकाशाकडं बघून दवाखान्यात वाईट बातमी सांगताना करायच्या तसा चेहरा केला. इंग्रजी त्यांना येत होतं ते सारं औषधाच्या चिठ्ठ्यांतलं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं.

"महागाव रोड," त्या म्हणाल्या, "ऑपरेशन. बिग ऑपरेशन. स्टिचेस. फिफ्टीन डेज बेड रेस्ट."

बाईच्या चेहऱ्यावर त्या रस्त्याबद्दल खरोखरची कणव उमटली. तिनं उरलेला चहा संपवला, कप टपरीवर ठेवला आणि ऑटो चालू केली.

तिचं नाव मार्गित. "मार्ग? रस्ता?" असं इंदूबाईंनी दोनदा विचारलं आणि मग त्यांनी तिला मार्गाबाई करून टाकलं. ती हंगेरी नावाच्या देशातली. हे कळायला वेळ लागला, कारण ती "हंगेरी, हंगेरी" म्हणाली आणि इंदूबाईंनी लगेच डबा उघडून तिच्या हातावर दोन लाडू ठेवले. मार्गाबाईनं ते मुकाट्यानं खाल्ले. भारतात उतरल्यापासून देशाचं नाव सांगितलं की खायला मिळतं, हे तिला पहिल्या आठवड्यातच समजलं होतं, आणि चूक दुरुस्त करण्याइतकी ती खुळी नव्हती. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं मिळून ही ऑटो भाड्यानं घेतली होती, परवाने काढले होते आणि दोघी दक्षिणेकडून वर निघाल्या होत्या. मैत्रिणीचं पोट नांदेडात बिघडलं. ती रेल्वेनं नागपूरला पुढं गेली आणि ही एकटी ऑटो घेऊन निघाली.

इतकं सगळं इंदूबाईंना हातवाऱ्यांतून आणि पोट धरून दाखवण्यातून कळलं. पोटाचा भाग त्यांना सर्वांत आधी कळला. "ओआरएस," त्या म्हणाल्या. "वन लिटर. आफ्टर एव्हरी मोशन."

गाव सुटलं. दोन्ही बाजूंना हरभरा उभा होता, मधूनमधून कापूस वेचून उरलेली पऱ्हाटी. मार्गाबाई गाडी चालवायची ती एका रेषेत. खड्डा आला तरी वळायची नाही, हळू करून त्यातून जायची. म्हशी आल्या की थांबायची, आणि शेवटची म्हैस रस्त्यापलीकडं पूर्ण गेल्याशिवाय हलायची नाही. हॉर्नला तिनं हातच लावला नाही. त्याऐवजी पायाशी एक पितळी घंटा बसवलेली होती, ती ती टाचेनं वाजवायची. टण्ण टण्ण. शाळेच्या घंटेसारखा आवाज ऐकून रस्त्याकडेची माणसं आधी शाळेकडं बघायची आणि मग ऑटोकडं.

"काहून अशी चालवून राह्यली वो तू?" इंदूबाईंनी शेवटी विचारलं. उत्तरादाखल मार्गाबाईनं फोनवर एक फोटो दाखवला. रुळांवर उभी पिवळी लांबलचक गाडी, समोर ४७, आणि तिच्या दारात निळ्या गणवेशात हीच बाई. ती ट्राम चालवायची. एकतीस वर्षं. आता रिटायर.

"सेम सेम," इंदूबाई स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या. "मी थर्टी फाइव्ह. रिटायर." त्यानंतर त्यांना त्या बाईबद्दल थोडा जिव्हाळा वाटू लागला, आणि थोडी लाजही. लाज त्यांनी पिशवीत घड्याळाखाली सरकवली.

खरी अडचण होती ती फोनमधल्या बाईची. उमरखेडचा फाटा सोडल्यापासून ती हंगेरीच्या भाषेत एकच वाक्य पुन्हापुन्हा बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण सूर इंदूबाईंना पक्का कळत होता. मागं वळा, मागं वळा. मार्गाबाई दर वेळी नकाशाकडं बघायची, मग मागं इंदूबाईंकडं बघायची.

"डोन्ट वरी," इंदूबाई म्हणाल्या. "ओल्ड मॅप. मेमरी लॉस." आणि पुढच्या खड्ड्यात गाडी हळू झाली तेव्हा त्यांनी पुढं वाकून, पदरानं फोनवरची धूळ पुसल्यासारखं करून बाजूचं बटण दाबून धरलं. फोनमधली बाई गप्प झाली.

रस्त्यात पोरं ओरडायची, माणसं हात करायची. मार्गाबाईनं विचारलं, काय म्हणू? इंदूबाईंनी शिकवलं, "जयभीम." मग ती प्रत्येक हाताला खणखणीत "जयभीम!" म्हणू लागली. एका गावात पाराशेजारी बसलेले चार म्हातारे ते ऐकून एकदम उठून उभेच राहिले. "जयभीम बाई, जयभीम," म्हणत एकजण गाडीबरोबर दहा पावलं चालत आला. इंदूबाईंनी मागच्या सीटवरून मान हलवून सगळ्यांचा स्वीकार केला. पाठ आपोआप ताठ झाली होती.

घोटाळा झाला तो बसथांब्यामुळं. एकतीस वर्षांची सवय अशी की रस्त्याकडेला पत्र्याचा निवारा दिसला की मार्गाबाई थांबायचीच. बरोबर निवाऱ्यासमोर गाडी लावायची, मनात दहा आकडे मोजायची, घंटा वाजवायची आणि निघायची. पहिले तीन थांबे रिकामे होते. चौथ्यावर एक साठीतला माणूस मांडीशी पाण्याची मोटार घेऊन बसला होता. दहा आकडे संपायच्या आत त्यानं मोटार उचलून आत ठेवली आणि तिच्यामागं स्वतः आला.

"अरे, सिस्टर!" तो म्हणाला. "वळखलं का? मी नागोराव. आमच्या कारभारनीची दोन्ही बाळंतपनं तुमच्याच हातची."

इंदूबाईंनी ओळखलं. नागोरावांची मोटार जळाली होती, तिचं वायंडिंग उमरखेडात भरून घेऊन ते गावाकडं निघाले होते. गाव पुसदच्या अलीकडं, डोंगराचा चढ ओलांडला की. मोटार त्यांनी मांडीवर घेतली होती, नातवाला घेतात तशी.

"आन ही बाई?"

"माही वळखीची हाय," इंदूबाई म्हणाल्या. अर्धा तास झाला होता, तेवढी ओळख खोटी नव्हती.

"कोठी चालली?"

"नागपूरले."

नागोराव सरळ मनाचे. "नागपूरले?" ते मोठ्यानं म्हणाले. "मंग इकडं काहून आली? नागपूरचा रस्ता त तिकडं ना, महागावकून! चांगला लोन्यासारखा रोड सोडून हे काय..." आणि त्यांनी मोटारीवरचा एक हात सोडून लांब करून मागं दाखवलं.

"हळू बोला," इंदूबाई म्हणाल्या. पण नागपूर हा शब्द सगळ्या भाषांत सारखाच असतो, आणि हात मागं दाखवला तर त्याचं भाषांतर लागत नाही. मार्गाबाईनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. फोन चालू केला. नकाशा बघितला, मोठा केला, परत लहान केला. मग तिनं फोनमध्ये काहीतरी म्हटलं आणि फोन इंदूबाईंसमोर धरला. फोन शुद्ध मराठीत बोलला:

"आपण मला चुकीच्या रस्त्याने का आणले आहे?"

इंदूबाई आधी चिडल्याच. "म्या कोठी आनलं? तूच आली ना चालवत! मले पुसदले जायाचं हाय म्हनून म्या पयलेच नाई का सांगून राह्यली?"

फोननं थोडा विचार केला आणि हंगेरीच्या भाषेत बरंच काही सांगितलं. मार्गाबाईच्या भुवया वर चढल्या. तिनं उलट विचारलं, आणि फोन म्हणाला: "आपली कोंबडी कधीपासून आजारी आहे?"

"कोनाची कोंबडी?" नागोराव म्हणाले.

इंदूबाईंना कळून चुकलं की या यंत्राला वऱ्हाडी समजत नाही. त्याच्याशी बोलायचं तर वरच्या ऑफिसला दर महिन्याला जो अहवाल पाठवायच्या त्याच भाषेत बोलावं लागणार. आणि त्या भाषेत त्यांना कधी खोटं बोलता आलं नव्हतं. पस्तीस वर्षांत त्यांनी एकही लस न देता दिली म्हणून लिहिली नव्हती. त्यांनी पदर नीट केला, घसा साफ केला.

"मी आपणांस खोटे सांगितले," त्या फोनला म्हणाल्या. "महागावचा रस्ता चांगला आहे. त्याला काहीही झालेले नाही. मला माझ्या भावाच्या नवीन घरी वेळेवर पोहोचायचे होते. भाच्याने गाडी पाठवतो असे सांगून पाठवली नाही. बस माझ्याच चुकीने गेली. आपली गाडी पाहून मला वाटले की आपण रुबाबात उतरावे. आपला फोनही मीच बंद केला. क्षमस्व."

नागोरावांनी हे सगळं ऐकताना डोक्यावरची टोपी काढून मोटारीवर ठेवली होती. फोन बोलत होता तोवर मार्गाबाई इंदूबाईंकडं एकटक बघत होती. मग ती खाली उतरली. रस्त्यावर थोडं मागं चालत गेली, कमरेवर हात ठेवून आल्या वाटेकडं बघत उभी राहिली. मग पुढं गेली आणि समोरच्या चढाकडं बघत उभी राहिली. इंदूबाईंनी पिशवी मांडीवर घेतली. आता ही बाई आपल्याला इथंच उतरवणार, आणि तिनं उतरवलं तर तिचं काही चुकणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

मार्गाबाई परत आली. फोन बोलू लागला.

"एकतीस वर्षांत एकाही प्रवाशाने मला सांगितले नाही की इकडे वळा. सांगितले असते तरी मला वळता आले नसते." थोडं थांबून: "तेथे जेवण आहे का?"

"आहे," इंदूबाई घाईनं म्हणाल्या. "मटण नाही. भंतेजी आहेत म्हणून. पण पुरी, भाजी, खीर आहे."

मार्गाबाईनं मान डोलावली. मग पुन्हा फोन: "समोरचा चढ मोठा आहे. ही गाडी इतके वजन ओढणार नाही. ज्या प्रवाशाने खोटे सांगितले त्याने उतरून ढकलावे."

"अन मी?" नागोराव उठायला लागले. "सिस्टर, मी उतरतो ना. तुम्ही बसा."

मार्गाबाईनं त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

"बसा," इंदूबाई म्हणाल्या. "तिनं कोनाले सांगितलं? मले सांगितलं."

मग त्या डोंगराच्या चढावर पुसदच्या रस्त्यानं कधी बघितला नसेल असा प्रकार सुरू झाला. पुढं हँडलवर हंगेरीची ट्रामवाली, मागं सीटवर मोटार मांडीवर घेतलेले नागोराव, लाजेनं मान खाली घातलेले, आणि सगळ्यांच्या मागं सदुसष्ट वर्षांच्या रिटायर नर्सबाई, पदर कमरेला खोचून, दोन्ही हात पत्र्याला लावून ढकलत. इंजिन घरघरत होतं, चाकं सरकत होती, पण जेमतेम. दुचाकीवरून जाणारी दोन पोरं थांबली, बघून हसली आणि व्हिडिओ काढू लागली. "हसता कायले रे!" इंदूबाई धापा टाकत म्हणाल्या. "हात लावा!" पोरं हात न लावताच पळाली.

अर्ध्यावर मार्गाबाईनं ब्रेक दाबला. मागं वळून इंदूबाईंचा घामाघूम चेहरा बघितला, आणि तिचा राग बहुधा तिथं संपला. ती उतरली, नागोरावांना हाताला धरून पुढं आणलं, हँडलमागं बसवलं, इथं पिळा आणि सरळ बघा असं दाखवलं आणि स्वतः इंदूबाईंच्या शेजारी येऊन पत्र्याला खांदा लावला.

"अवो बाई, म्या बंडीशिवाय काई हाकललं नाई जन्मात!" नागोराव ओरडत होते. पण हँडल पिळत होते.

आता गाडी चढू लागली. दोघी बायका शेजारी शेजारी वाकून ढकलत होत्या. "पुश," इंदूबाई सवयीनं म्हणाल्या, बाळंतपणात म्हणायच्या तशा. "पुश! डीप ब्रीद. अगेन पुश!" मार्गाबाईला हा शब्द बरोबर कळला, आणि तो कुठं वापरतात हेही कळलं असावं, कारण तिला एकदम हसू फुटलं. हसता हसता तिची ताकद गेली, मग इंदूबाईंनाही हसू आलं, आणि नेमका तेव्हाच चढ संपला.

चढ संपला हे नागोरावांना कळलं नाही. ते पिळतच राहिले. पिवळी गाडी दोघींच्या हातांतून सुटली आणि सपाटीवर धावायला लागली. "सिस्टर! सिस्टर! थांबत नाई वो हे!" असा आवाज लांब लांब जाऊ लागला.

"ब्रेक!" मार्गाबाई पळत ओरडली.

"पायानं दाबा! उजव्या पायानं!" इंदूबाई मागून ओरडल्या. नागोरावांनी उजवा पाय आदळला तो घंटेवर. टण्ण टण्ण करत गाडी पन्नास-साठ पावलं गेली, कडेच्या मुरमात शिरली आणि एका बाभळीला नाक लावून गुमान उभी राहिली. बंपरवर एक चरा उमटला. मागच्या सीटवर मोटार जशीच्या तशी होती. नागोराव खाली उतरून आधी मोटारीला चाचपून आले आणि मग स्वतःला.

त्यांचं गाव पुढं दोन मैलांवर होतं. ते तिथं उतरले. उतरताना ते मार्गाबाईला वाकून नमस्कार करून गेले, आणि इंदूबाईंना म्हणाले, "सिस्टर, कारभारनीले सांगू का नको, का म्या गाडी चालवली?"

"सांगा," इंदूबाई म्हणाल्या. "थांबली कशी ते नका सांगू."

पुसदला त्या पोचल्या तेव्हा एक वाजून गेला होता. भंतेजींचं भोजनदान बाराच्या आत व्हावं लागतं, त्यामुळं वंदना झाली, भोजनदान झालं, पंगतीही बसल्या असणार, हे इंदूबाईंना ठाऊक होतं. साडीचा निऱ्यांचा भाग धुळीनं लाल झाला होता, तळवे गाडीच्या मागच्या वंगणानं काळे. रुबाब चढावरच सांडला होता. गल्लीच्या तोंडाशी त्या मार्गाबाईला म्हणाल्या, "हिअर स्टॉप. मी चालत जाते." मार्गाबाईनं न ऐकल्यासारखं केलं आणि टाच मारत, घंटा वाजवत गाडी थेट दारापर्यंत नेली.

मांडव घराच्या मागं होता. आवाज ऐकून पंगत अर्धी उठली. संघदीप हातात वाढायची बादली घेऊन आला आणि तसाच उभा राहिला. त्याची वणीची सासू आली. इंदूबाईंची भावजय साधना आली. मार्गाबाईनंच दोन्ही हात जोडून सुरुवात केली. "जयभीम!"

"जयभीम!" सगळी गल्ली म्हणाली.

"आत्या," संघदीप हळूच म्हणाला, "ही ड्रायव्हर कोठी भेटली तुमाले?"

"भेटली," इंदूबाई म्हणाल्या. "जागा होती गाडीत."

तेवढ्यात गोविंदा गर्दीतून पुढं आला. पासष्ट वर्षांचा माणूस, नवा सदरा, कपाळावर घाम, हातात एक किल्ली. इंदूबाईंनी तेव्हा कुठं दाराकडं नीट बघितलं. पुढचं दार बंद होतं. फुलांचं तोरण तसंच, उंबऱ्यापुढची रांगोळी कोणाच्या पायानं मोडलेली नव्हती.

"हे काय?" इंदूबाईंनी विचारलं. "वंदना नाई झाली?"

"झाली ना," साधना म्हणाली, आणि तिच्या आवाजात सकाळपासूनचा वैताग होता. "पन ताई, तुमच्या भावानं कुलूपच नाई काढलं. इंदूताई आल्याशिवाय पुढचं दार उघडत नाई म्हने. भंतेजी स्वयंपाकघराच्या दारानं आत गेले. संघदीपचे सासरे मोरीच्या गल्लीतून. सगळे पाव्हणे मागच्या मागं फिरून राह्यले नवापासून."

"मी कोनाले काय म्हणलं?" गोविंदा म्हणाला. "मी म्हणलं, येईल. उशिरा येईल, पन येईल." आणि त्यानं किल्ली इंदूबाईंच्या काळ्या तळव्यावर ठेवली.

इंदूबाई दाराशी गेल्या. त्या कुलूप काढायला वाकल्या, ते नवं होतं, चटकन निघेना, म्हणून त्यांनी दुसरा हात आधाराला भिंतीवर टेकला. दार उघडलं. आणि पिस्ता रंगाच्या कोऱ्या भिंतीवर पाच बोटांचा वंगणाचा काळा ठसा उमटला. साधनानं डोळे मिटले. गोविंदानं तो बघितला आणि म्हणाला, "राहू दे."

त्यानंतरची दुपार मार्गाबाईची. तिनं अकरा पुऱ्या खाल्ल्या. संघदीपच्या सासूनं स्वतः शेजारी बसून तिला खीर वाढली आणि शेवटी धीर करून विचारलं, गाडीतून एक चक्कर मिळेल का. मग सासू गेली, मग साधना, मग गल्लीतल्या बाया चार-चार करून. दर वेळी मार्गाबाई बरोबर गल्लीच्या टोकाला आणि बरोबर दारासमोर थांबायची, दहा आकडे मोजायची.

इंदूबाई यातलं काही बघू शकल्या नाहीत. जेवण झाल्यावर जरा पाठ टेकते म्हणून त्या आतल्या खोलीत कोऱ्या फरशीवर सतरंजी टाकून आडव्या झाल्या, आणि चढानं त्यांना अशी झोप लावली की उठल्या तेव्हा पाच वाजले होते. जिच्या जिवावर मिरवायचं ती गाडी दिवसभर दुसऱ्याच बायांना घेऊन मिरवत होती. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण पाय इतके दुखत होते की वाईट वाटायला जागा उरली नव्हती. गोविंदानं चहा आणून दिला, आणि दोघं भाऊबहीण उघड्या दारात बसून तो प्याले.

त्या रात्री मार्गाबाई तिथंच राहिली. सकाळी आंघोळ करून, डब्यात पुऱ्या बांधून घेऊन ती निघाली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली होती. तिनं फोन काढला, इंदूबाईंसमोर धरला. फोन म्हणाला: "नागपूरचा रस्ता कोणता?"

"दिग्रस," इंदूबाई बोटांवर मोजत, अगदी अहवालाच्या भाषेत म्हणाल्या, "त्यानंतर दारव्हा, त्यानंतर यवतमाळ. तेथून पुढे सरळ."

मार्गाबाईनं ऐकून घेतलं. मान डोलावली. मग फोन घेऊन साधनाकडं गेली आणि तिलाही तोच प्रश्न विचारला. साधनानं सांगितलं. मग गोविंदाला. मग संघदीपला. मग शेजारच्या किराणावाल्याला. पाचही उत्तरं जुळली तेव्हा ती गाडीत बसली.

"पाह्यलं का?" इंदूबाई सगळ्यांना म्हणाल्या. "म्या खरं सांगितलं तरी इस्वास नाई." आणि त्यांनी पिशवी उचलली, साडी सावरली आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"ताई, तुम्ही कोठी?" साधनानं विचारलं. "उमरखेड त तिकडं."

"दिग्रसपर्यंत जाते," इंदूबाई म्हणाल्या. "तिले रस्ता दाखवाले कोनी पायजे ना."

त्या दिग्रसला उतरल्या नाहीत. दारव्ह्यालाही उतरल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गोविंदाला नागपूरहून इंदूबाईंचा फोन आला की मार्गाबाईच्या मैत्रिणीचं पोट आता बरं आहे, आणि आपण तिला फक्त ताक-भातावर ठेवलं आहे.